एकहाती रॉडने स्पे फेक करण्यासाठी ६ नंबरच्या रॉडवर कोणती लाइन घ्यावी?

पूर्णाकाठ, वसमत

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षे मी फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसांच्या-धाग्यांच्या हलक्या नकली किड्याने (फ्लायने) मासेमारी, करतो आहे आणि माझे बहुतेक रविवार सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला पूर्णा नदीच्या पात्रात जातात. ज्या मच्छीमार संस्थेकडे त्या पाण्याचा ठेका आहे तिची परवानगी मी घेतलेली आहे, त्यामुळे तो विषय येथे काढत नाही. माझ्याकडे ९ फुटी, ६ नंबरचा एकहाती रॉड असून त्यावर रॉडसोबतच आलेली ६ नंबरची, वेट फॉरवर्ड, तरंगणारी लाइन आहे. मासा म्हणाल तर मुख्यतः चिलापी, शेवाळाच्या कडेला क्वचित मरळ, आणि पाणी निवळल्यावर नशिबात असेल तर एखादा रोहू.

माझी अडचण काठाची आहे. दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ इतकी माजली आहे की पाठीमागे सहा-सात फुटांपलीकडे मोकळी जागा मिळत नाही. डोक्यावरून फेक करायची तर लाइन आधी मागे पूर्ण उलगडावी लागते, आणि ती उलगडण्याआधीच काट्यांत अडकते. गेल्या हंगामात माशांनी घेतल्या त्याहून जास्त फ्लाय बाभळीने घेतल्या, असा माझा हिशेब आहे. म्हणून मी आधी रोल कास्ट आणि नंतर व्हिडिओ पाहून स्नॅप-टी व डबल स्पे या, लाइन मागे न उलगडता करायच्या स्पे फेकी एका हाताने करायला शिकलो. पस्तीस फुटांपर्यंत त्या बऱ्या जमतात. चाळीस फुटांच्या पुढे लाइन सोडली की मात्र फेकीतला जीव जातो आणि सगळे वेटोळे समोरच्या पाण्यात ढिगासारखे कोसळते.

एका दुकानदाराला विचारले, तेव्हा त्याने स्पेसाठी दोन नंबर जड लाइन लागते असे सांगून ८ नंबरची वेट फॉरवर्ड लाइन दिली. ती बसवल्यावर रॉड मुठीपर्यंत वाकतो, पाण्यात मोठा आवाज होतो आणि अंतर जेमतेम पाच फुटांनी वाढते. आता स्कँडी, स्कॅजिट, डबल टेपर अशी नावे वाचून डोके चक्रावले आहे. दोष हाताचा आहे की लाइनचा, जड म्हणजे नेमकी किती जड, आणि थंड प्रदेशांसाठी बनवलेल्या या लाइनी आपल्या उन्हाळ्यात टिकतील का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

गळाला लागलेला, छत्रपती संभाजीनगर

आपण काठाचे वर्णन आधी केले, हे फार बरे झाले, कारण लाइनची निवड माशापेक्षा काठावरच अधिक अवलंबून असते.

पहिल्या लाइनबद्दल सांगतो. वेट फॉरवर्ड लाइनीचा पुढचा साधारण पस्तीस-चाळीस फुटांचा भाग जाड असतो आणि त्याच्यामागे बारीक रनिंग लाइन असते. बैलगाडीवाल्याचा आसूड आठवा. तो मुठीकडे जाड आणि टोकाकडे बारीक होत जातो, म्हणूनच मनगटाचा झटका शेवटच्या वादीपर्यंत पोहोचून फटकारा उमटतो. तोच आसूड उलटा धरून बारीक टोकाने जाड मूठ हवेत उलटवायला गेलात, तर हात दुखेल पण मूठ उलटणार नाही. चाळीस फुटांच्या पुढे आपले नेमके हेच होते आहे. तेव्हा जाड भाग रॉडच्या टोकाबाहेर गेलेला असतो, टोकाच्या कड्यात फक्त बारीक रनिंग लाइन उरते आणि तिच्या जोरावर आपण पुढचा जाड भाग उलटवू पाहता. यात हाताचा दोष थोडाच असावा.

दुसरी गोष्ट स्पे फेकीच्या मुळाशी आहे. डोक्यावरच्या फेकीत बाहेर असलेली सगळी लाइन हवेत असते आणि तिचे सगळे वजन रॉडला वाकवते. स्पे फेकीत लाइनचा पुढचा भाग आणि लीडर (लाइन व फ्लाय यांना जोडणारा बारीक नायलॉनचा दोरा) पाण्यावर टेकलेले असतात, त्यालाच अँकर म्हणतात. रॉडला ओढ मिळते ती केवळ मागे पोट काढून लटकणाऱ्या वेटोळ्याची, म्हणजे डी-लूपची. वजनाचा एक वाटा पाण्यात अडकल्यामुळे उरलेल्या वाट्यात जास्त वजन लागते, म्हणून दोन नंबर जड घेण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. आपल्या पाठीमागे सात फूट जागा आहे, तेवढ्या जागेत लहानच डी-लूप बसणार. लाइनचे जाड डोके जर चाळीस फुटांचे असेल तर त्यातले बरेचसे पाण्यावर पडून राहील, पाणी त्याला धरून ठेवील, आणि रॉड वाकेल तो लाइन उचलण्यासाठी नव्हे तर ती पाण्यातून सोडवण्यासाठी. एकूण वजन किती, याच्या जोडीला ते किती फुटांत भरले आहे, हेही विचारायला हवे होते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मी ६ किंवा ७ नंबरची डबल टेपर लाइन घ्या असे सांगेन. तिची दोन्ही टोके निमुळती आणि मधला लांब भाग एकसारखा जाड असतो, त्यामुळे चाळीस फुटांवरही टोकाच्या कड्यात जाडच लाइन असते आणि आसूड उलटा होत नाही. एक बाजू झिजली की उलटी करून गुंडाळता येते, म्हणजे एका पैशात दोन लाइनी. तिची मर्यादाही सांगतो. जाड लाइन कड्यांतून सरसर धावत नाही, त्यामुळे फेकीच्या शेवटी हातातली लाइन सोडून आणखी पंधरा-वीस फूट मिळवण्याची सोय तिच्यात जवळजवळ नाही. पण पूर्णेच्या त्या पात्रात पन्नास फुटांपलीकडे फेकून करायचे काय, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

बीडकर सिएटल

काकांनी मूळ मुद्दा फार छान मांडला आहे, विशेषतः आसुडाचा दाखला. मी मूळचा माजलगावचा, आता काही वर्षे नोकरीनिमित्त सिएटलला असतो. येथून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर स्कॅजिट नदी आहे, आणि जिच्या नावाने लाइन विकली जाते ती हीच.

या फेकीचे कूळ स्कॉटलंडच्या स्पे नदीकाठचे. एकोणिसाव्या शतकात तेथे सॅमन धरणाऱ्यांच्या पाठीमागे उंच काठ आणि झाडी असे, म्हणून लाइन मागे न उलगडता फेकण्याची रीत घडली. थोडक्यात, त्यांची झाडे वेगळी आणि आपली वेडी बाभूळ वेगळी, अडचण तीच. पुढे स्वीडन-नॉर्वेकडे लाइनचे डोके आखूड आणि पुढे लांब निमुळते करण्यात आले, ती स्कँडी. वजन मागच्या बाजूला, पुढचे टोक हलके, अँकर पाण्याला क्षणभरच टेकतो आणि लगेच फेक निघते. सिंगल स्पे किंवा स्नेक रोल यांसारख्या फेकी तिच्यावर नाजूक उतरतात. स्कॅजिटचा पिंड याच्या उलट आहे. हिवाळ्यात खोल पाण्यातल्या स्टीलहेड माशापर्यंत जड फ्लाय आणि बुडणारे टोक पोहोचवायचे होते, म्हणून १९९०च्या दशकात येथील लोकांनी डोके आणखी आखूड, बोथट आणि जड केले. यात अँकर पाण्यावर निवांत टेकवून ठेवतात आणि मग डी-लूप घेतात. आपण करता ती स्नॅप-टी आणि डबल स्पे याच जातीच्या फेकी आहेत.

दोन्ही मूळच्या दोन हातांनी धरायच्या बारा-चौदा फुटी रॉडसाठी होत्या. अलीकडे त्यांचीच लहान भावंडे एकहाती रॉडसाठी निघाली आहेत. ओपीएसटी कंपनीच्या कमांडो हेडसारखी डोकी फारच आखूड असतात, ६ नंबरच्या रॉडसाठी साधारण तेरा-चौदा फूट. त्यापुढे टिप म्हणून आणखी एक निमुळता तुकडा लूपने जोडायचा असतो आणि तो जोडल्याशिवाय फेक करू नये, कारण एवढ्या आखूड डोक्याला पाण्यावर पकड मिळत नाही आणि अँकर उखडून फ्लाय थेट आपल्या कानाकडे येते. (हा अनुभव मी घेतलेला आहे, म्हणून चष्मा आणि टोपी सोडत नाही.) आपले पाणी पाहता टिप तरंगणारीच घ्यावी, बुडणाऱ्या टिपेने शेवाळ काढण्यातच दिवस जाईल. दुसरी जात म्हणजे रिओ कंपनीच्या सिंगल हँड स्पेसारखी अखंड लाइन. तिच्यात डोके आणि रनिंग लाइन एकसंध असल्याने कड्यांत लूप अडकत नाही, पण डोके स्कॅजिटपेक्षा बरेच लांब असते.

वजनाचे म्हणाल तर ६ नंबरच्या एकहाती रॉडला आखूड स्कॅजिट डोके साधारण २२५ ग्रेनचे बसते. रॉड मऊ असेल तर २००, कडक असेल तर २५०. स्कँडी त्याहून थोडी हलकी चालते. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, पण या टप्प्याच्या फार बाहेर जाऊ नये. सात फूट जागा आहे म्हणता, तर मी डोळे मिटून स्कॅजिट सुचवीन.

गुंजभर, नांदेड

वरच्या दोन्ही उत्तरांत माझ्या धंद्याचा विषय निघाला आहे, म्हणून लिहितो. मी सराफी पेढीवर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी गळ टाकतो.

लाइनच्या वेष्टणावर जो नंबर असतो त्यामागे अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने १९६१ साली ठरवलेले प्रमाण आहे. टोकाचा अगदी पुढचा सरळ तुकडा सोडून पहिल्या ३० फुटांचे वजन मोजायचे आणि त्यावरून नंबर द्यायचा, असे ते प्रमाण आहे. ५ नंबर म्हणजे १४० ग्रेन, ६ म्हणजे १६०, ७ म्हणजे १८५, ८ म्हणजे २१० आणि १० म्हणजे २८०. थोडा इकडेतिकडे फरक मान्य आहे. यात तिसाव्या फुटाच्या मागे काय आहे याची दखल नाही आणि डोके बारा फुटांचे आहे की चाळीस, हेही कळत नाही. म्हणूनच स्पेची डोकी नंबरावर न विकता थेट ग्रेनवर विकतात.

ग्रेन म्हटले की लोक बिचकतात, पण आपल्या आजोबांना हे माप परके नव्हते. ब्रिटिश अमलात तोळा १८० ग्रेनचा ठरला होता, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हल्ली बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तो येथे धरू नका. जुन्या तोळ्याने पाहिले तर ६ नंबरची लाइन तोळ्याला थोडी कमी, ७ नंबरची तोळ्याला किंचित जास्त, आणि बीडकर दादा म्हणतात ते २२५ ग्रेन म्हणजे बरोबर सव्वा तोळा. ग्रॅममध्ये हवे असेल तर एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणून २२५ ग्रेन म्हणजे १४.६ ग्रॅम.

माझी सूचना अशी, की नवीन काही घेण्याआधी आपल्याकडच्या दोन्ही लाइनी तोलून पाहा. पहिले ३० फूट मोजून तेथे दोऱ्याने खूण करा, तेवढ्याचेच वेटोळे करून काट्याच्या ताटलीत ठेवा, उरलेली लाइन हाताने सैल उचलून धरा म्हणजे तिचा भार ताटलीवर येणार नाही. ओळखीच्या सराफाकडे दुपारच्या निवांत वेळी गेलात तर तो हसेल, पण नाही म्हणणार नाही. हे करायला सांगण्याचे कारण असे, की आजकालच्या कित्येक लाइनी वेष्टणावरील नंबरापेक्षा अर्ध्या ते एका नंबराने जड निघतात. माझी ६ नंबरची लाइन ११.३ ग्रॅम भरली, म्हणजे १७४ ग्रेन. ती ना धड सहाची, ना धड सातची.

पूर्णाकाठ, वसमत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुंजभर भाऊंचे ऐकून काल संध्याकाळी दोन्ही लाइनी घेऊन आमच्या ओळखीच्या पेढीवर गेलो. काट्यावर पिवळी आणि हिरवी वेटोळी पाहून दुकानातल्या गिऱ्हाइकांची जी करमणूक झाली तिचे वर्णन करत नाही.

६ नंबरची लाइन १०.६ ग्रॅम भरली, म्हणजे सुमारे १६४ ग्रेन, अर्थात ती प्रामाणिक आहे. ८ नंबरची १४.१ ग्रॅम, म्हणजे सुमारे २१८ ग्रेन. मला आश्चर्य वाटले ते याचे, की बीडकर दादांनी सांगितलेल्या २२५च्या ती अगदी जवळ आहे. म्हणजे दुकानदाराने दिलेले वजन जवळजवळ बरोबर होते आणि तरीही फेक फसली. काकांनी लिहिलेले वाक्य, वजन किती फुटांत भरले आहे ते पाहा, हे मला काट्यावर पाहिल्यावर खऱ्या अर्थाने कळले. माझे हे २१८ ग्रेन तीस फुटांत पसरलेले आहेत, त्यामागेही डोक्याचा काही भाग शिल्लक आहेच, आणि मागे जागा आहे सात फूट.

आता प्रश्न असा, की ही ८ नंबरची लाइन कापून आखूड केली तर चालेल का? नाहीतरी ती पडूनच आहे.

गुंजभर, नांदेड

कापाल तर वजनही जाईल. आपली ८ नंबरची लाइन चोवीस फुटांवर आणली तर हातात साधारण १७० ग्रेन उरतील, आणि ते स्पेसाठी आपल्या रॉडला कमी पडतील. त्यापेक्षा एखादी स्वस्तातली १० नंबरची वेट फॉरवर्ड लाइन शोधा. तिच्या पहिल्या तीस फुटांत २८० ग्रेन असतात. पुढचे निमुळते टोक तसेच ठेवून मागून कापत कापत चोवीस-पंचवीस फुटांपर्यंत आलात की सव्वा तोळा शिल्लक राहतो. एकदम कापू नका. आधी सत्तावीस फुटांवर कापा, पाण्यावर फेकून पाहा, मग सहा-सहा इंच कमी करत जा आणि प्रत्येक वेळी तोलून वहीत लिहा. रॉडला नेटाने ढकलावे लागते आणि तरीही लाइन पूर्ण उलगडत नाही, असे झाले की डोके हलके झाले. रॉड मेल्यासारखा वाकून राहतो, सावकाश सरळ होतो आणि लाइनचे हवेतले वेटोळे रुंद होऊन पाण्यात आपटते, तेव्हा समजावे की ते अजून जड आहे.

मागच्या कापलेल्या टोकाला लूप करण्यासाठी लाइन दुमडून तिच्यावर नायलॉनच्या बारीक धाग्याने घट्ट वेढे द्यावे लागतात, त्यावर लवचिक डिंकाचा हात फिरवला की झाले. त्यामागे रनिंग लाइन म्हणून ३० पौंडांची जाड मोनो (एकसंध नायलॉनचा दोरा) चालते.

गळाला लागलेला, छत्रपती संभाजीनगर

लाइन कापण्याच्या उद्योगाला माझा विरोध नाही, तरुणपणी मीही तो केला आहे. पण स्कॅजिटबद्दल एक सावधगिरीची सूचना करणे मला भाग आहे.

बीडकर म्हणतात ती नदी थंड, वेगवान आणि खोल आहे. तेथे पाण्याचाच आवाज इतका असतो की स्नॅप-टीने पाणी फाडले तरी माशाला पत्ता लागत नाही. पूर्णेचे पात्र हिवाळ्यानंतर गुडघाभर, नितळ आणि जवळजवळ थांबलेले असते. त्या पाण्यात सव्वा तोळ्याचे बोथट डोके पहिल्यांदा आपटले की उथळावर चरणारी चिलापी जी पांगते ती अर्धा तास परत येत नाही. याशिवाय असे पाहा, की स्पेच्या निम्म्या फेकी दिशा बदलण्यासाठी आहेत. वाहत्या नदीत फ्लाय प्रवाहाबरोबर खाली जाऊन काठाशी लागते आणि तेथून ती पुन्हा समोर फेकायची असते, म्हणून ती सगळी कसरत. थांबलेल्या पाण्यात फ्लाय ज्या दिशेला टाकली त्याच दिशेने आपल्याकडे ओढून आणली जाते, दिशा बदलायची गरजच पडत नाही. तेथे साधा रोल कास्ट, किंवा अँकर उचलून पुन्हा हलकेच टेकवत केलेला स्विच कास्ट पुरेसा आहे, आणि तो डबल टेपर लाइनवर जितका शांत उतरतो तितका कशावरच उतरत नाही.

स्कॅजिट वापरणारच असाल तर अँकर मासा असलेल्या पाण्यापासून दूर, काठालगत टाका आणि एका जागेवर फेकींची संख्या कमी ठेवा.

बीडकर सिएटल

काका, शांत पाण्याबद्दलचा आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि डोळे मिटून सुचवीन असे मी लिहिले ते घाईचे होते. पण आखूड डोक्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायची राहिली. थांबलेल्या पाण्यात फ्लाय पायापर्यंत ओढत आणावी लागते, कारण चिलापी बरेचदा पाठलाग करून अगदी शेवटच्या दहा फुटांत घेते. लाइन आत आली की पुन्हा फेकण्यासाठी डोके रॉडबाहेर काढावे लागते. डबल टेपरवर चाळीस फूट पुन्हा बाहेर काढायला तीन-चार रोल लागतात आणि प्रत्येक रोल पाण्यात हालचाल करतो. आखूड डोके एका रोलमध्ये बाहेर येते आणि दुसऱ्याच फेकीत रनिंग लाइन घेऊन निघून जाते. त्यामुळे आवाज एकदाच, जरा मोठा.

उलट, वाहते पाणी असेल तर आखूड डोक्याची एक खोट आपल्या बाजूने सांगतो. लाइन पाण्यावर पडल्यावर प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला उचलून टाकणे, म्हणजे मेंडिंग, बारीक रनिंग लाइनवर होत नाही. डबल टेपरवर ते उत्तम होते. पावसाळ्यानंतर धरणातून पाणी सोडलेले असताना पूर्णाकाठ दादांना याची गरज पडेल. (विसर्ग सुरू असताना पात्रात उतरू नये, हे त्यांना मी सांगायची गरज नसावी.)

गुंजभरांनी सुचवलेले चोवीस-पंचवीस फुटांचे डोके मला या दोहोंच्या मधले वाटते. पुढचे टोक निमुळते राहिल्याने ते स्कॅजिटसारखे आपटणार नाही. फक्त त्याला लीडर आखूड लावू नका. अँकरची पकड आता लीडरवरच आहे, म्हणून रॉडच्या लांबीएवढा, म्हणजे ९ फुटी लीडर तरी हवा, दहा-बारा फुटी असेल तर अधिक चांगले.

काळी माती, परभणी

उन्हाळ्याच्या प्रश्नाला कोणी हात घातलेला दिसत नाही, म्हणून लिहितो.

स्पेच्या बहुतेक लाइनी सॅमन आणि स्टीलहेडच्या थंड पाण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांचा गाभा विणलेल्या धाग्यांचा आणि वरचे आवरण मऊ असते, कारण बर्फाळ पाण्यात कडक लाइन तारेसारखी वेटोळी धरून बसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा तीच लाइन शिजलेल्या शेवयांसारखी होते, कड्यांना चिकटते आणि पुढे धावतच नाही. उष्ण प्रदेशासाठीच्या लाइनींचा गाभा बहुधा एकसंध मोनोचा आणि आवरण कडक असते. गुंजभर भाऊ म्हणतात ती १० नंबरची लाइन समुद्रातल्या उष्णकटिबंधीय माशांसाठीची मिळाली तर आपले दोन्ही प्रश्न एकदम सुटतात, कारण १० नंबरच्या लाइनी त्या कामासाठी सर्रास मिळतात. तिचा त्रास उलट हंगामात होतो. डिसेंबरच्या पहाटे परभणीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा ती रिळावरच्या वेटोळ्यांच्या आकारातच बाहेर येते. झाडाला अडकवून वीस-पंचवीस फूट सावकाश ताणली की ती सरळ होते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कोणतीही लाइन ठेवू नये, आणि डास पळवणारे मलम लावलेल्या हातांनी ती धरू नये. त्यातले डीट हे रसायन आवरण खाऊन टाकते.

सरावाबद्दलही एक गोष्ट. गवतावर किंवा शेतात स्पेचा सराव करू नका, कारण अँकरला धरायला पाणी लागते. कोरड्या जमिनीवर अँकर सरकतो आणि आपण नकळत चुकीच्या वेळी जोर लावायला शिकतो. मी आमच्या शेततळ्यावर सराव केला. तेथे फ्लायचा गळ पक्कडने तोडून नुसता लोकरीचा गोंडा ठेवावा, नाहीतर एका चुकीच्या फेकीत तळ्याच्या प्लास्टिकला भोक पडते आणि घरचे लोक मासेमारीबद्दल जे बोलतात ते ऐकावे लागते. त्या प्लास्टिकच्या उतारावर पाय घसरला तर वर येणे फार कठीण असते, म्हणून एकटे जाऊ नका आणि काठाला बांधलेला दोर पाण्यात सोडून ठेवा.

पूर्णाकाठ, वसमत

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. उष्ण पाण्यासाठीची १० नंबरची लाइन एका ओळखीच्या व्यक्तीकडून जुनी मिळाली. सत्तावीस फुटांवर ती १६.३ ग्रॅम होती आणि माझा रॉड ती फेकताना कण्हत होता. कापत कापत चोवीस फूट नऊ इंचांवर थांबलो, तेथे ती १४.७ ग्रॅम भरली. आता दहा फुटी लीडर लावून पन्नास-बावन्न फुटांवर फ्लाय टाकता येते आणि मागचे वेटोळे बाभळीच्या अलीकडे राहते. काकांच्या शांत पाण्याच्या सूचनेप्रमाणे स्नॅप-टी फक्त वाहत्या भागात करतो, डोहात स्विच कास्ट. डबल टेपर दिवाळीनंतर घेणार आहे, कारण हिवाळ्यातल्या नितळ उथळासाठी काकांचे म्हणणे मला पटले आहे.

एकच अडचण उरली आहे. काही फेकींत डोके आणि रनिंग लाइन यांच्या जोडाचा लूप टोकाच्या कड्यावर टक्कन आदळतो आणि लाइन मध्येच थांबते. लूप लहान करावा का?

बीडकर सिएटल

लूप बदलण्याआधी फेकीपूर्वी तो कोठे असतो ते पाहा. डोक्याचे मागचे टोक रॉडच्या टोकाबाहेर एक ते दीड फूट असावे, म्हणजे लूप फेकीच्या आधीच कड्यातून बाहेर पडलेला असतो आणि जोर लागताना त्याला कोठेच अडकायचे नसते. त्याहून जास्त सोडलात, समजा चार फूट, तर काकांचा उलटा आसूड पुन्हा सुरू होईल. डोके असे दीड फूट बाहेर ठेवून रनिंग लाइनला काळ्या मार्करने खूण करून ठेवा. ती पहिल्या कड्यापाशी, हाताजवळ आली पाहिजे, म्हणजे अंधारतानाही नजरेला पडते.